एका किल्लीची अनेक कुलुपे

गरोदर स्त्री पहिल्यांदा तपासणीस गेली की तिच्या रक्ताच्या ज्या चाचण्या होतात त्यांत 'व्हीडीआरएल' ही अक्षरे बहुधा आढळतात. उपदंश, म्हणजे ज्याला बोलभाषेत गरमी म्हणतात, तो रोग शरीरात आहे की काय, हे पाहण्यासाठी ही चाचणी करतात. रक्तात उपदंशाविरुद्धची प्रतिपिंडे असली तर चाचणी होकारार्थी येते, असे आपल्याला सांगितले जाते. सांगणे खोटे नाही. पण त्यात एक चमत्कारिक गोष्ट दडलेली आहे. या चाचणीत रक्ताची गाठ ज्या पदार्थाशी घालून देतात, तो उपदंशाच्या जंतूपासून काढलेला नसतो. तो परंपरेने गाईबैलांच्या हृदयापासून काढलेला एक स्निग्ध पदार्थ आहे आणि त्याचे नाव कार्डिओलिपिन. जंतूशी लढण्यासाठी निर्माण झालेल्या प्रतिपिंडांनी बैलाच्या हृदयाला ओळखावे, हे कसे?

प्रस्तुत लेखाचा विषय हा प्रश्न आहे. शास्त्र शाखेच्या विद्यार्थ्यांना यातील काही भाग परिचित असेल. परंतु हा प्रश्न केवळ त्यांचा आहे असे मला वाटत नाही. एका खुणेवरून एकच अर्थ निघतो की अनेक, ही शंका भाषेच्या आणि तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाला नवीन नाही. प्रतिपिंडांच्या बाबतीत तीच शंका माणसाच्या अब्रूशी आणि जिवाशी येऊन भिडते, एवढाच काय तो फरक.

प्रथम थोडी ओळख. प्रतिपिंड हे रक्तातील एक प्रथिन होय. त्याचा आकार इंग्रजी वाय या अक्षरासारखा असतो आणि त्याच्या दोन्ही बाहूंच्या टोकांशी एकेक खोबण असते. जंतूचा किंवा परक्या पदार्थाचा जो भाग या खोबणीत बसतो त्याला प्रतिजन म्हणतात. प्रतिपिंडे तयार करण्याचे काम रक्तातील बी-पेशींचे असून एका पेशीकडून एकाच प्रकारचे प्रतिपिंड तयार होते. खोबण आणि प्रतिजन यांचे नाते सांगताना शिक्षक बहुधा कुलूप आणि किल्ली यांचा दाखला देतात. हा दाखला एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये विकरांसाठी योजला होता. पाउल एर्लिख यांनी तो उचलून प्रतिपिंडांना लावला आणि तेव्हापासून तो पाठ्यपुस्तकांत घर करून बसला आहे. एक रोग, एक जंतू, एक प्रतिपिंड अशी नीटनेटकी जोडी त्यामुळे मनात तयार होते. ती जोडी पहिल्यांदा विस्कटली ती उपदंशाच्याच प्रकरणात.

१९०५ मध्ये शाउडिन व होफमान यांना उपदंशाचा मळसूत्री जंतू सापडला. पुढल्याच वर्षी आउगुस्ट व्हासरमान, नायसर आणि ब्रुक यांनी त्या रोगाची रक्तचाचणी प्रसिद्ध केली. तिच्यासाठी प्रतिजन हवे होते, पण हा जंतू प्रयोगशाळेत वाढवता येईना. तेव्हा उपदंशाने मृत जन्मलेल्या अर्भकांच्या यकृताचा अर्क त्यांनी वापरला. अशा यकृतात जंतू खच्चून भरलेले असतात. रोग्याच्या रक्ताने या अर्काशी प्रतिक्रिया दिली आणि सिद्धान्त व प्रयोग यांचा मेळ उत्तम जमला असे सर्वांना वाटले. परंतु १९०७ मध्ये कार्ल लँडस्टायनर व त्यांचे सहकारी यांनी, तसेच इतरही काहींनी, निरोगी प्राण्यांच्या अवयवांचा अल्कोहोलमधील अर्क घेऊन पाहिला, तर चाचणी तितकीच चांगली चालली! म्हणजे अर्कात जंतू असण्याचे कारणच नव्हते. ज्या तर्कावर चाचणी उभारली होती तो तर्क कोसळला. चाचणी मात्र उभीच राहिली. पुढे १९४१ मध्ये मेरी पँगबॉर्न यांनी बैलाच्या हृदयातून नेमका क्रियाशील पदार्थ वेगळा काढला. तोच वर उल्लेखिलेला कार्डिओलिपिन.

या घटनेवर पोलंडमधील ल्वूफ येथील (आज हे शहर युक्रेनमध्ये आहे) लुडविक फ्लेक नावाच्या डॉक्टरांनी १९३५ मध्ये जर्मन भाषेत एक छोटे पुस्तक लिहिले. शास्त्रीय तथ्य कसे जन्मते आणि कसे वाढते, हा त्याचा विषय. फ्लेक स्वतः रक्तचाचण्या करणारे होते, त्यामुळे त्यांचे लिहिणे हातचे आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : उपदंशी माणसाचे रक्त 'दूषित' असते ही समजूत युरोपात शतकानुशतके होती. (आपल्याकडे 'रक्त बिघडले' असे म्हणतातच.) रक्तातच काहीतरी सापडले पाहिजे या श्रद्धेने संशोधक त्या चाचणीला चिकटून राहिले. आरंभीचे निकाल कच्चे होते, गृहीतके चुकीची होती, इतकेच काय, मूळ बेत वेगळाच होता. तरी अनेकांनी मिळून, मिश्रणांची प्रमाणे बदलत बदलत, ती चाचणी उपयोगी करून टाकली. खोट्या आधारावरून खऱ्या निकालाकडे जाण्याचा हा प्रवास एकट्या व्हासरमान यांचा नव्हे, तर एका समूहाचा होय, असा त्यांचा निष्कर्ष आहे. फ्लेक ज्यू होते. नाझी राजवटीत आउशविट्स आणि बुखेनवाल्ड येथील छळछावण्यांतून ते जिवंत परत आले. त्यांच्या पुस्तकाची फारशी कोणी दखल घेतली नव्हती. टॉमस कून यांनी १९६२ च्या आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्याचा निर्देश केला आणि १९७९ मध्ये ते इंग्रजीत आले. आमच्या मते तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने कून यांच्याआधी फ्लेक वाचावेत. असो.

चाचणी उपयोगी होती, पण निर्दोष नव्हती. हिवताप, महारोग, काही विषाणुजन्य ज्वर, क्वचित नुसते गरोदरपण, यांतही ती होकारार्थी येई. अमेरिकेत १९३५ मध्ये कनेटिकट राज्याने विवाहापूर्वी उपदंशाची रक्तचाचणी सक्तीची केली आणि इतर अनेक राज्यांनी तोच कित्ता गिरवला. हे कायदे पुढे मागे घेतले गेले. परंतु मधल्या काळात ज्यांना रोगाचा वाराही लागलेला नाही अशा असंख्य निरोगी तरुण-तरुणींचे रक्त तपासले गेले आणि त्यांतल्या काहींवर गुप्तरोगाचा शिक्का बसला. नियोजित वधूला किंवा वराला असा कागद हाती आल्यावर काय वाटले असेल आणि त्या घरांत काय बोलणी झाली असतील, याची कल्पना मराठी वाचकाला करून देण्याची गरज नाही.

१९४९ मध्ये नेल्सन व मेयर यांनी प्रत्यक्ष जिवंत जंतूवर चालणारी चाचणी शोधली, तेव्हा खरा होकार कोणता व खोटा कोणता हे निवडता येऊ लागले. बाल्टिमोर येथील जोसेफ मूर व चार्ल्स मोर यांनी १९५२ मध्ये खोट्या होकाराच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना असे दिसले की, हा खोटा होकार काहींमध्ये थोड्या दिवसांत नाहीसा होतो, तर काहींमध्ये वर्षानुवर्षे टिकतो. आणि टिकणाऱ्यांपैकी काही जण, विशेषतः स्त्रिया, पुढे ल्यूपस या रोगाने आजारी पडतात. ल्यूपसमध्ये शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच पेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. तेव्हा 'खोटा' होकार हा उपदंशाच्या दृष्टीने खोटा होता, पण तो निरर्थक नव्हता. रक्त काहीतरी सांगत होते. ऐकणाऱ्याने प्रश्न दुसराच विचारला होता.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. एकाच प्रतिपिंडाने वेगवेगळे पदार्थ धरावेत, हे घडते कसे?

याचा पहिला पद्धतशीर विचार लँडस्टायनर यांनीच केला. रक्तगटांच्या शोधाबद्दल १९३० चे नोबेल पारितोषिक मिळालेले हेच ते गृहस्थ. त्यांनी प्रथिनांना साधी रासायनिक द्रव्ये जोडून ती प्राण्यांना टोचली आणि तयार झालेली प्रतिपिंडे कोणत्या द्रव्याशी किती जुळतात हे तपासले. एका बेंझीनच्या कड्यावर तोच गट एक घर इकडे किंवा तिकडे सरकवला की पकड लक्षणीय बदले. प्रतिपिंडांची पारख इतकी बारीक! पण त्याच तक्त्यांत दुसरी गोष्टही होती. पकड बदले, तरी दरवेळी शून्य होत नसे. ज्या द्रव्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली त्याच्याशी ती घट्ट जुळत, त्याच्या भावंडांशी सैल जुळत आणि दूरच्या नातेवाइकांशीही कधी कधी थोडी ओळख दाखवत. पुस्तकांनी पहिली गोष्ट उचलली आणि दुसरी तळटीपेत टाकली, असे म्हणावे लागते.

शिवाय या प्रयोगांनी एक मोठी पंचाईत उभी केली. लँडस्टायनर यांची बरीचशी द्रव्ये रसायनशाळेत जन्मलेली, निसर्गात कधी नसलेली. ससा किंवा त्याचे पूर्वज यांना ती भेटणे शक्य नव्हते. तरी सशाचे शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंड करते, ते कोठून? १९४० मध्ये लायनस पॉलिंग यांनी सुचवले की, प्रतिपिंडाची साखळी मुळात सर्वांची सारखीच असते आणि ती प्रतिजनाभोवती गुंडाळली जाऊन त्याचा साचा उचलते. शिंप्याने माप घेऊन सदरा बेतावा तसे. कल्पना मोहक होती, पण ती टिकली नाही. १९५७ मध्ये मॅकफार्लेन बर्नेट यांनी, आणि स्वतंत्रपणे डेव्हिड टॅल्मेज यांनी, उलटा विचार मांडला. सदरे आधीच शिवून तयार असतात. जो सदरा बसतो तो घालणारी पेशी वाढीस लागते आणि तिची प्रजा तेच प्रतिपिंड मोठ्या प्रमाणावर तयार करते. आज हाच विचार मान्य आहे.

पण तयार सदरे तरी किती असणार? माणसाच्या सर्व जनुकांची संख्या वीस हजारांच्या आसपास आहे. प्रत्येक प्रतिपिंडाला स्वतंत्र जनुक देणे परवडणारे नाही. हे कोडे १९७६ मध्ये बाझेल येथे सुसुमु तोनेगावा यांनी सोडवले (नोबेल १९८७). प्रतिपिंडाचे जनुक अखंड नसते; ते तुकड्यांतून जुळवले जाते. माणसाच्या जड साखळीसाठी तीन पेट्यांत अनुक्रमे सुमारे ४०, २३ आणि ६ उपयोगी तुकडे आहेत. प्रत्येक पेटीतून एकेक घेतला की ५,५२० जुळण्या होतात. हलक्या साखळीच्या दोन जातींतून मिळून सुमारे ३२० जुळण्या मिळतात. दोहोंचा गुणाकार साडेसतरा लाखांच्या वर जातो. सांध्यांवर अक्षरे वाढतात, गळतात, त्यामुळे खरी संख्या याहून कितीतरी पटींनी मोठी होते. थोड्या धातूंपासून प्रत्ययांच्या बळावर अगणित शब्द सिद्ध करणाऱ्या व्याकरणाची येथे आठवण होईल, आणि ती अगदीच गैरलागू नाही.

तथापि जुळण्या कितीही असल्या तरी जगातील आकार त्याहून अधिक आहेत; आणि एखाद्या क्षणी शरीरात ज्या पेशी प्रत्यक्ष हजर असतात त्यांची संख्या तर मर्यादितच. प्रत्येक प्रतिपिंडाने एकाच आकारासाठी हटून बसायचे ठरवले तर नव्या जंतूसाठी बहुतेक वेळा कोणीच हजर नसेल. तेव्हा कोऱ्या, अननुभवी प्रतिपिंडाला थोडे सैल असणे भागच आहे. हा सैलपणा कारागिराची हयगय नसून हिशेबाची गरज आहे, असे मला वाटते.

मग सैल प्रतिपिंडांनी भरलेले रक्त एका जंतूला दुसऱ्यापासून ओळखते कसे? टॅल्मेज यांनी १९५९ मध्ये दिलेले उत्तर मला फार समर्पक वाटते. रक्तात एकाच प्रतिजनाला धरणारी अनेक प्रकारची प्रतिपिंडे असतात. त्यांतील प्रत्येकाची दुसरी ओळख वेगळी. एकाची क्षशी, दुसऱ्याची ज्ञशी. पण मूळ प्रतिजनाशी मात्र सर्वांचीच ओळख. सर्व मिळून जो कौल देतात तो त्या एकाच्या बाजूने स्पष्ट उठून दिसतो. बाकीच्या ओळखी विखुरतात. संस्कृतच्या तासाला 'सैंधव' हे उदाहरण ऐकलेले असेलच : सैंधव म्हणजे मीठही आणि घोडाही. पानावर बसलेल्याने मागितले तर मीठ आणावे, प्रवासाला निघालेल्याने मागितले तर घोडा. शब्द अनेकार्थी असतो आणि त्याचा अर्थ आटोक्यात येतो तो सोबतच्या शब्दांमुळे, प्रसंगामुळे. रक्ताची नेमकी पारख हीही बरीचशी सोबतीची करामत आहे.

बरीचशी म्हणालो, सगळी नव्हे. एकेक प्रतिपिंडही अनुभवाने सुधारते. प्रतिजनाची गाठ पडल्यावर बी-पेशी लसीका ग्रंथींत भराभर विभागतात आणि त्यांच्या प्रतिपिंड-जनुकांत मुद्दाम केल्यासारखे बदल होतात. त्यांतील ज्यांची पकड अधिक घट्ट त्या जगतात, बाकीच्या मरतात. अमेरिकेतील संशोधकांनी १९९७ मध्ये ४८जी७ नावाच्या उंदराच्या एका प्रतिपिंडाची बाल्यावस्था आणि प्रौढावस्था यांची स्फटिकरचना शेजारी शेजारी ठेवून दाखवली. मध्ये अवघे नऊ बदल झाले होते आणि पकड तीस हजार पटींनी वाढली होती. बाल्यावस्थेतील खोबण लवचीक होती. पाहुणा आला की ती आपला आकार बदलून त्याला सामावून घेई. प्रौढ खोबण मात्र ताठ, आधीच नेमका आकार घेऊन बसलेली. म्हणजे कुलूप-किल्लीचा दाखला चुकीचा नाही. तो म्हातारपणाचा आहे!

२००३ मध्ये केंब्रिज येथील लिओ जेम्स, प्येत्रो रोव्हेर्सी आणि डॅन तौफीक यांनी आणखी पुढचे दाखवले. एसपीई७ हे प्रतिपिंड कोणालाही धरलेले नसताना एकाच वेळी निदान दोन वेगवेगळ्या आकारांत वावरते. एका आकारात त्याला खोल, अरुंद खोबण असते व तीत लहान रासायनिक रेणू बसतात. दुसऱ्यात पसरट बैठक असते व तिच्यावर एक अगदीच वेगळे प्रथिन बसते. एकच साखळी, दोन घड्या, दोन पाहुणे. पॉलिंग यांची साखळी प्रतिजनाकडे पाहून घडी घेत होती; ही आधीच दोन्ही घड्या घेऊन पाहते, आणि जो येईल त्याप्रमाणे त्यातली एक टिकते. टाकून दिलेल्या सिद्धान्ताचा अर्धा भाग असा मागच्या दाराने आत आला.

येथे एक भेद सांगितला पाहिजे, कारण तो न केल्याने पुष्कळ घोटाळा होतो. एका प्रतिपिंडाने दोन गोष्टी धरण्यामागे दोन कारणे संभवतात. एक, प्रतिपिंड सैल असणे. दुसरे, त्या दोन गोष्टीच एकमेकींसारख्या असणे. संधिवाती ज्वर हे दुसऱ्याचे प्रसिद्ध उदाहरण. घशात स्ट्रेप्टोकॉकस जंतूचा संसर्ग होतो, त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि त्यांतील काही हृदयाच्या स्नायूंतील मायोसिनला व झडपांच्या अस्तराला धरतात, कारण जंतूचे काही भाग त्यांच्याशी मिळतेजुळते आहेत. घसा आठवड्यात बरा होतो. झडप आयुष्यभराची आखडते. भारतात हा रोग अजून संपलेला नाही. लहानपणी दुखरा घसा अंगावर काढलेल्या मुलीला पुढे बाळंतपणाच्या वेळी धाप लागते आणि तेव्हा कोठे झडपेचा पत्ता लागतो, अशी उदाहरणे डॉक्टरांना परिचित आहेत.

रक्तगटांची प्रतिपिंडेही याच जातीची. 'ए' गटाच्या माणसाला 'बी' गटाचे रक्त कधी दिलेले नसते, तरी त्याच्या रक्तात 'बी'विरुद्ध प्रतिपिंडे तयार असतात. १९५९ मध्ये स्प्रिंगर व सहकारी यांनी कोंबडीची पिल्ले पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवली; त्यांच्यात ही प्रतिपिंडे आली नाहीत. आतड्यातील एका विशिष्ट जंतूचा प्रवेश होताच ती आली. आतड्यातील जंतूंच्या अंगावर रक्तपेशींवरच्यासारख्याच शर्करा असतात, हे त्यातले मर्म. डॉ. भेंडे व सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईत ज्याचा शोध लावला, तो 'बॉम्बे' रक्तगटही याच सूत्रात बसतो. 'ए' आणि 'बी' या दोहोंच्या मुळाशी असलेली 'एच' ही शर्करारचनाच या माणसांत नसते. त्यामुळे त्यांचे शरीर 'एच'ला परके मानते आणि त्यांना 'ओ' गटाचे रक्तसुद्धा चालत नाही.

परंतु उपदंशातील कार्डिओलिपिनचा उलगडा दोन्ही बाजूंनी होतो. हा स्निग्ध पदार्थ आपल्या प्रत्येक पेशीच्या मायटोकाँड्रियात असतो, बैलाच्या हृदयात असतो आणि उपदंशाच्या जंतूच्या आवरणातही असतो. जंतूने फोडलेल्या आपल्याच पेशींतून तो बाहेर पडत असेल, किंवा जंतूच्या अंगावरचा दिसत असेल, बहुधा दोन्ही. आणि त्याला धरण्यास तयार अशी सैल प्रतिपिंडे आपल्यापाशी मुळातच पुष्कळ असतात. किती, याचे मोजमाप न्यूयॉर्क येथील रॉकफेलर विद्यापीठात २००३ मध्ये झाले. अस्थिमज्जेत नुकत्याच जन्मलेल्या बी-पेशींपैकी ५५ ते ७५ टक्के पेशींची प्रतिपिंडे शरीराच्या स्वतःच्याच घटकांना धरत होती आणि त्यांतील कित्येक एकाच वेळी अनेक पदार्थांना! निम्म्याहून अधिक रंगरूट घरभेदी निघावेत असाच हा प्रकार. यांची छाननी दोन टप्प्यांत होते. तरीही छाननीतून निघालेल्या प्रौढ पेशींत सुमारे एक पंचमांश अशा उरतातच. उपचार सुरू न झालेल्या ल्यूपसच्या काही तरुण रुग्णांत हेच प्रमाण २५ ते ५० टक्के आढळले, असे त्याच गटाने २००५ मध्ये दाखवले. तेथे चाळणीच फाटलेली असते.

कार्डिओलिपिनची कथा ल्यूपसपाशीही थांबत नाही. १९५२ मध्येच कॉनली व हार्टमन यांनी अशा रुग्णांत एक विचित्र गोष्ट नोंदली होती. त्यांचे रक्त परीक्षानळीत लवकर गोठत नसे. यावरून त्यांना रक्तस्रावाचा धोका असावा असे कोणीही म्हणेल. लंडनमध्ये ग्रॅहॅम ह्यूज व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये नेमके उलट चित्र मांडले. कार्डिओलिपिनविरोधी प्रतिपिंडे असलेल्यांच्या शिरांत व रोहिण्यांत गुठळ्या होतात, तरुण वयात पक्षाघात होतो आणि स्त्रियांचे गर्भ पुन्हा पुन्हा पडतात. १९९० मध्ये याहून मोठा खुलासा झाला. ही प्रतिपिंडे खरे तर कार्डिओलिपिनला धरतच नाहीत, तर त्याला चिकटून बसणाऱ्या रक्तातील एका प्रथिनाला, म्हणजे बीटा-२-ग्लायकोप्रोटीनला धरतात. उपदंशातील प्रतिपिंडांना या प्रथिनाची गरज लागत नाही. एकाच चाचणीतला एकच होकार, पण धरलेली वस्तू वेगळी आणि रोगही वेगळा. वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रीला सासरी काय काय ऐकून घ्यावे लागते हे सांगायला नको. त्यातल्या काही जणींच्या रक्तातच कारण सापडते आणि अ‍ॅस्पिरिन व हेपारिन यांच्या साध्या उपचाराने त्यांच्यातील अनेकींची बाळंतपणे सुखरूप पार पडतात. व्हीडीआरएल होकारार्थी आली की जंतूवर आधारलेल्या दुसऱ्या चाचणीने पडताळा घ्यावा, आणि तो नकारार्थी आला तर कागद फाडून न टाकता पुढे चौकशी करावी, हा नियम अशा अनुभवांतून आलेला आहे. पहिली चाचणी तरी का ठेवतात, असे कोणी विचारील. ती स्वस्त आहे. आणि उपचारानंतर तिचा आकडा उतरत जातो, त्यामुळे रोग हटत आहे की नाही हे तिच्यावरूनच कळते. जंतूवर आधारलेली चाचणी बहुधा जन्मभर होकारार्थीच राहते.

सैल प्रतिपिंडे म्हणजे नुसता उपद्रव, असे येथवर वाचून कोणाला वाटले, तर २००५ चा एक शोध सांगणे अवश्य आहे. एड्सचा विषाणू आपले बाह्यरूप सारखे बदलत असल्यामुळे बहुतेक प्रतिपिंडांच्या हाती लागत नाही. फार थोड्या रुग्णांत अशी प्रतिपिंडे सापडतात, की जी त्याच्या असंख्य वाणांना निष्प्रभ करतात. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील बार्टन हेन्झ यांच्या गटाने अशांपैकी दोन, २एफ५ आणि ४ई१०, तपासली तेव्हा ती कार्डिओलिपिनलाही धरताना आढळली! ही दोन्ही विषाणूच्या काट्याचा जो भाग पकडतात तो त्याच्या स्निग्ध आवरणाला अगदी लागून आहे. काटा आणि आवरण दोन्हींची थोडी थोडी ओळख असल्याखेरीज तेथे पकड बसत नाही.

२०१० मध्ये ह्यूगो मूके व रॉकफेलरमधील त्यांचे सहकारी यांनी सहा रुग्णांतून मिळवलेली विषाणूच्या काट्याविरुद्धची १३४ प्रतिपिंडे पाहिली, तर त्यांपैकी ७५ टक्के अनेकग्राही होती. त्यांनी दिलेले कारण मोठे मार्मिक आहे. या विषाणूच्या अंगावर काटे फारच थोडे, सुमारे १४, आणि दूर दूर असतात. प्रतिपिंडाच्या एका बाहूने काटा धरला की दुसऱ्या बाहूच्या आवाक्यात दुसरा काटा येत नाही. एका हाताची पकड सुटते. पण दुसरा हात सैल असेल, तर तो शेजारचे जे मिळेल ते धरतो, आणि पकड टिकते.

अर्थात लस करणाऱ्यांपुढे पेच उभा राहिला. जी प्रतिपिंडे हवीत, त्यांच्याच पेशींना शरीराची चाळणी घरभेदी समजून बाद करते. २एफ५ व ४ई१० ची जनुके उंदरांत घातली असता बहुतेक पेशी अस्थिमज्जेतच मारल्या गेल्या. तरीही काही वाचतात. त्यांना हाताशी धरून, विषाणूचा तो तुकडा स्निग्ध थेंबावर बसवून तयार केलेली लस थोड्या स्वयंसेवकांना टोचण्यात आली. एका व्यक्तीला तीव्र अ‍ॅलर्जी झाल्यामुळे तो प्रयोग मध्येच थांबवावा लागला. संशय लशीतील पॉलिएथिलीन ग्लायकॉल या पदार्थावर होता. पण २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, काही स्वयंसेवकांच्या रक्तात तोवर हव्या त्या जातीच्या पेशी वाढीस लागल्या होत्या आणि त्यांतील काहींची प्रतिपिंडे विषाणूच्या परक्या वाणांनाही अडवत होती.